पडद्यावरची मैफल

विलंबित ख्याल मांडायला गवयाला चाळीस-पन्नास मिनिटे सहज लागतात. त्यातला सुरुवातीचा बराच वेळ तर तो षड्जाच्या आसपासच रेंगाळतो. चित्रपटाला एवढी सवड नसते. दोन-अडीच तासांत एखाद्याचे आयुष्य, त्याची माणसे आणि त्याचा झगडा उभा करायचा असल्यामुळे रागदारी संगीतावरच्या प्रत्येक चित्रपटात गाणे कापावेच लागते. ते कुठे कापले आणि वाचलेला वेळ कशासाठी वापरला, यावरून अशा चित्रपटाची खरी पारख होते. गेल्या पंधरा वर्षांत मराठी चित्रपट या विषयाकडे पुन्हा पुन्हा वळला आहे, आणि प्रत्येक दिग्दर्शकाने ही अडचण आपापल्या परीने सोडवली आहे.

संगीत नाटकाला हा प्रश्न फारसा पडला नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाने कथा थांबवून पद ऐकण्याची सवय लावून घेतली. ‘वन्स मोअर’ मिळाला की नायिका आपले दुःख बाजूला ठेवून तेच पद पुन्हा, नव्या ताना घेत गायची आणि कोणाला त्यात काही खटकत नसे. राग घराघरांत पोचला तो याच वाटेने. या परंपरेचा सर्वांत लाडका कलावंत म्हणजे बालगंधर्व, आणि अलीकडच्या लाटेची सुरुवातही त्यांच्यापासूनच झाली.

रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’ 2011 मध्ये आला. सुबोध भावेंचा अभिनय, आनंद भाटेंचा गळा आणि विक्रम गायकवाडांची रंगभूषा ही त्याची तीन बलस्थाने. भाटे आणि गायकवाड या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते सार्थच होते. मात्र हा चित्रपट घटनांमागे धावतो. मुलीच्या मृत्यूच्या दिवशी ‘मानापमान’चा प्रयोग करणे, कंपनीवरचे कर्ज, उतारवयातली हलाखी असे प्रसंग एकामागून एक येतात, पद नुकते रंगू लागते तोच पुढचा प्रसंग सुरू होतो. बालगंधर्वांनी काय सोसले हे प्रेक्षकाला कळते, पण त्यांच्या गाण्याने लोक वेडे का होत, हे पुरेसे उमगत नाही.

2015 च्या दिवाळीत आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ने वेगळी वाट धरली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे मूळ नाटक 1967 चे. त्याला संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे होते आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. सुबोध भावेंनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात अभिषेकींच्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आल्या. शंकर महादेवन पंडितजी झाले, सचिन पिळगांवकर खाँसाहेब झाले आणि खाँसाहेबांचे गाणे राहुल देशपांडेंनी गायले. अभिषेकींचे शिष्य आणि अमेरिकेत राहणारे महेश काळे यांना या चित्रपटातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट तुफान चालला. नाट्यसंगीताशी कसलाही संबंध न आलेली मुले ही पदे गुणगुणू लागली, आणि हे श्रेय मोठे आहे. परंतु त्यात गाणे जवळजवळ सदैव लढाईसारखे येते. विश्रामपूरच्या दरबारात कोण जिंकणार, कोणाची तान जास्त वेगवान, यावर सगळा ताण उभा आहे. वेग पडद्यावर लगेच दिसतो, संथ आलापी दिसत नाही; त्यामुळे आलापीचा बळी गेला. दोन घराण्यांतला फरक सौंदर्यविचाराचा असतो, आणि वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त तो किती बारकाईने उलगडला आहे. चित्रपटात मात्र तो स्वभावातल्या चांगल्या-वाईटापुरता उरतो.

भावेंनीच दिग्दर्शित केलेला ‘संगीत मानापमान’ जानेवारी 2025 मध्ये आला. त्याला आधार होता कृ. प्र. खाडिलकरांच्या 1911 च्या नाटकाचा. गोविंदराव टेंब्यांच्या मूळ चालींनी त्या काळी नाट्यसंगीताला नवे वळण दिले होते. चित्रपटाची मदार भव्य नेपथ्यावर आणि देखण्या चित्रणावर आहे. ऐकण्यापेक्षा पाहण्याचीच सोय त्यात अधिक झाली आहे.

निपुण धर्माधिकारींच्या ‘मी वसंतराव’ची (2022) जातकुळी निराळी आहे. राहुल देशपांडेंनी यात स्वतःच्या आजोबांची भूमिका केली, आणि पडद्यावर गाणारा माणूस खरोखर गाणारा असला की काय फरक पडतो हे त्यातून दिसले. ओठ हलवणारा नट कितीही तयारीचा असो, श्वास घेण्याची जागा, मानेची शीर, सम येण्याआधी डोळ्यांत उमटणारी चाहूल या गोष्टी उसन्या आणता येत नाहीत. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकण्याचा भाग हा चित्रपटाचा गाभा आहे. एकच राग, एकच धडा, पुन्हा पुन्हा. येथे चित्रपट घाई करत नाही. पुढे पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करत, कोणत्याही एका घराण्याचा शिक्का नसल्यामुळे मोठ्या मैफलींपासून दूर राहिलेला हा गवय्या उतारवयाकडे झुकताना ‘कट्यार’मुळे घरोघरी पोचला. चित्रपट लांबतो, उत्तरार्धात काही प्रसंग नुसते ओळखीची माणसे दाखवण्यासाठी आल्यासारखे वाटतात. तरीही आपल्या गळ्याचा शोध घेणारा माणूस तो समोर उभा करतो. राहुल देशपांडेंना गायनासाठी आणि अनमोल भावेंना ध्वनिआरेखनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

या सगळ्यांत सर्वांत धीट चित्रपट म्हणजे चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’. 2020 च्या व्हेनिस महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’नंतर, म्हणजे 2001 नंतर, तेथील मुख्य स्पर्धेत आलेला हा पहिलाच भारतीय चित्रपट. बाकीचे बहुतेक चित्रपट थोर गवयांविषयी आहेत. हा एका सामान्य गवयाविषयी आहे. शरद नेरूळकर कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, त्याचे गुरू चांगले आहेत, घरात वडिलांपासून संगीताचे वेड आहे. तरी गाणे त्याला हवे तसे वश होत नाही. अशी माणसे संगीताच्या प्रत्येक वर्गात, प्रत्येक महोत्सवाच्या भारतीय बैठकीत असतात, आणि त्यांच्यावाचून हे संगीत टिकलेच नसते. त्यांच्याकडे इतक्या आदराने आणि इतक्या निर्दयपणे पाहणारी दुसरी मराठी कलाकृती सापडणे कठीण.

ताम्हाणेंनी वेळेचा प्रश्नही वेगळ्या रीतीने सोडवला. कॅमेरा बहुतेक वेळा लांब, स्थिर ठेवलेला असतो. गवय्या, साथीदार आणि मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य एकाच चौकटीत दिसतात. गाण्याचा तुकडा लहान असला तरी तो सलग ऐकू येतो. शरदच्या भूमिकेतील आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले डॉ. अरुण द्रविड दोघेही स्वतः गायक आहेत. संगीताची आखणी तबलावादक अनीश प्रधान यांची आहे. रात्रीच्या मुंबईत शरद मोटारसायकलवरून जात असतो आणि त्याच्या कानात माई या काल्पनिक गायिकेची ध्वनिमुद्रित भाषणे चालू असतात. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. चित्रपट नेटफ्लिक्सवर येण्याच्या काही दिवस आधीच, एप्रिल 2021 मध्ये, त्यांचे निधन झाले. कठोर साधना, एकटेपणा आणि त्याग यांची महती सांगणारा तो आवाज मोहात पाडतो. पुढे एका संग्राहकाच्या तोंडून माईंविषयी कडवट गोष्टी ऐकाव्या लागतात, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. त्याची भक्ती आणि त्याची भीती एकाच कृतीत दिसते.

चित्रपटाची एक उणीव मात्र नोंदवायला हवी. गुरुजींची शिष्या स्नेहा शरदपेक्षा गुणी आहे, हे ऐकणाऱ्याला कळते, पण तिची कहाणी चित्रपट सांगत नाही. माई तर निव्वळ आवाजच आहे. या पाचही चित्रपटांच्या केंद्रस्थानी पुरुष आहेत. प्रत्यक्षात जयपूर घराण्याचा विसाव्या शतकातला इतिहास केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकर यांच्यावाचून लिहिताच येत नाही. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाईंनी ध्वनिमुद्रिकेच्या तीन-साडेतीन मिनिटांत राग असा आवळून मांडला की 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्णतबकडीत त्यांची भैरवी निवडली गेली. वेळ थोडा असला तरी राग उभा राहू शकतो, याचा याहून ठोस पुरावा नको.

ही बाजू वाचायला मिळते ती नमिता देवीदयाल यांच्या ‘द म्यूझिक रूम’ (2007) या इंग्रजी पुस्तकात. केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी यांच्याकडे लेखिका मुंबईत लहानपणापासून शिकल्या. धोंडूताईंची शिस्त, त्यांचे एकटे राहणे, घराण्याची विद्या कोणाला द्यावी आणि कोणाला नाही याविषयीचा त्यांचा हट्ट, हे सारे शिष्येच्या प्रेमाने आणि पत्रकाराच्या नजरेने टिपले आहे. ‘द डिसायपल’ पाहिल्यावर हे पुस्तक वाचले तर दोन्ही अधिक खुलतात.

रंगभूमीवर बायकांचे गाणे केंद्रस्थानी आले ते ‘संगीत देवबाभळी’त. प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या, भद्रकाली प्रॉडक्शन्सच्या या नाटकात दोनच पात्रे आहेत: तुकोबांची आवली आणि तिच्या घरी लखुबाई होऊन आलेली रखुमाई. एकीचा नवरा देवाच्या नादी लागलेला, दुसरीचा नवराच देव. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघींनी भूमिका करता करता गायलेही. आनंद ओक यांचे संगीत कथा थांबवत नाही. भांडण, चेष्टा, रुसवा बोलण्यातून सरळ गाण्यात जातो आणि गाण्यातून परत बोलण्यात येतो. जुन्या संगीत नाटकाची ताकद घेऊन त्यातला थांबा या नाटकाने काढून टाकला. ‘वन्स मोअर’ला येथे जागाच नाही, आणि तरीही गाण्याची भूक भागते.