मुलाचा पासपोर्ट काढताय? आधी आई-वडिलांच्या सहीचं बघा

उमराहला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो लहानग्यांच्या पासपोर्टचा. हज-उमराह असो, आखातात नोकरीला असलेल्या वडिलांकडे जायचं असो की शिक्षण, तान्ह्या बाळालाही स्वतःचा वेगळा पासपोर्ट लागतो. कुही, मांढळकडच्या कुटुंबांना या कामासाठी नागपूर गाठावं लागतं. एक कागद कमी पडला की दिवस वाया, भाडं वाया. बऱ्याच वेळा काम अडतं ते आई-वडिलांच्या संमतीवर. म्हणून हा नियम नीट समजून घेऊ या.

दोघंही राजी असतील तर

१८ वर्षांखालील मुलाच्या अर्जासोबत ‘ॲनेक्शर डी’ नावाचं घोषणापत्र लागतं. त्यावर आई आणि वडील दोघांच्या सह्या हव्यात. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे झाले. तेव्हापासून हे घोषणापत्र साध्या कागदावर चालतं, त्याला स्टॅम्प पेपर किंवा नोटरी लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आई-वडिलांकडे स्वतःचा पासपोर्ट नसला तरी मुलाचा निघू शकतो. असेल तर मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स सोबत न्या.

वडील परदेशात असतील तर

सौदी, दुबई, कतारला असलेल्या वडिलांची सही घरच्या कुणीतरी करून टाकायची, हा प्रकार चुकूनही करू नका. वडिलांनी तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन शपथपत्र साक्षांकित करून घ्यावं आणि मूळ प्रत घरी पाठवावी. इथे आईने ‘ॲनेक्शर डी’ भरून त्याला ते जोडावं. दोघंही परदेशात आणि मूल दादा-दादी किंवा नाना-नानींकडे असेल, तर दोघांचंही असं शपथपत्र लागतं. कागद यायला वेळ जातो, म्हणून अपॉइंटमेंट घेण्याआधीच हे काम सुरू करा.

एकाची संमती मिळत नसेल तर

नवरा-बायको वेगळे राहतात, कोर्टात केस चालू आहे, किंवा एकाने घर सोडलं आहे. अशा वेळी मुलाचा पासपोर्ट निघतच नाही, असा समज आहे. तो खरा नाही. त्यासाठी ‘ॲनेक्शर सी’ आहे. मूल ज्याच्याजवळ आहे तो पालक त्यात दुसऱ्याची सही का नाही, हे कारणासकट लिहून देतो. कोर्टाने मुलाचा ताबा दिला असेल तर त्या आदेशाची प्रत जोडावी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: तलाकनामा किंवा खुलानामा म्हणजे मुलाच्या ताब्याचा आदेश नव्हे. ताब्याचा वाद असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.

दुसऱ्या पालकाने हरकत घेतली तरी रस्ता संपत नाही. पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज केलेल्या १७ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला शैक्षणिक दौऱ्यासाठी जपानला जायचं होतं. आई-वडिलांचा घटस्फोटाचा वाद सुरू होता आणि वडील संमती देत नव्हते. आईने घोषणापत्र दिलं होतं, तरी अर्ज अडला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने दोन आठवड्यांत पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. परदेश प्रवास हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे आणि आई-वडिलांच्या भांडणापायी मुलीचा हा हक्क हिरावता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ.

खोटं लिहू नका

नोटरी नाही म्हणून कसंही भरून चालत नाही. खोटी सही, खोटी माहिती किंवा लपवलेला कोर्टाचा आदेश महागात पडतो. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पासपोर्टही जप्त होतो.

निघण्याआधी तपासा

– १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखला चालतो. दाखला, आधार आणि आई-वडिलांच्या कागदांवर नावाचं स्पेलिंग जुळतंय का बघा. शेख, सय्यद, बी, बेगम कुठे लागलंय आणि कुठे नाही, इथेच घोळ होतो.
– पत्त्याचा पुरावा आई किंवा वडिलांच्या नावावरचा चालतो.
– मूल स्वतः हजर हवं, सोबत आई किंवा वडील. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो न्या.
– साधी फी १००० रुपये, आठ वर्षांखालील मुलांच्या नव्या अर्जाला १० टक्के सूट. तत्काळसाठी २००० रुपये जास्त.
– पासपोर्ट पाच वर्षं किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. १५ ते १८ वयात १५०० रुपये भरून दहा वर्षांचा घेता येतो.

अर्ज फक्त पासपोर्ट सेवेच्या सरकारी वेबसाइटवरूनच भरा, सारख्या दिसणाऱ्या बनावट साइट्स बऱ्याच आहेत. आणि उमराहचं बुकिंग करण्याआधी मुलांचे पासपोर्ट हातात येऊ द्या. प्रवासाच्या वेळी त्यांची किमान सहा महिने मुदत बाकी असायला हवी.