खोली कुणी सांगायची?

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तरी इथून ऊस वाहणाऱ्या नव्या ट्रकच्या इंजिनातले सेन्सर आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या ट्रॉलरवरचा नवा फिशफाइंडर एकाच घराण्यातले निघू शकतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारींतल्या यंत्रांना आपसांत बोलता यावे म्हणून कॅन बस आणली. ट्रक-ट्रॅक्टरांचे जे-१९३९ हे मानक तिच्यावर उभे राहिले आणि त्याच्याच आधाराने बोटींसाठी एनएमईए २००० हे मानक घडले. पण घराणे एक म्हणून आकडे जुळतातच असे नाही. जे-१९३९ बोलणारे डिझेल इंजिन बोटीच्या नेटवर्कला जोडायलाही मध्ये एकाची भाषा दुसऱ्याला सांगणारा गेटवे लागतो. बोटीवरची जुनी-नवी उपकरणे जोडणे हे वायरींचे काम समजले जाते. माझ्या मते वायरी हा त्यातला सोपा भाग आहे. कोणता आकडा कोणत्या यंत्राने सांगायचा आणि बाकीच्यांनी त्याबाबत गप्प राहायचे, हे ठरवणे हेच खरे काम.

वायरींचा भाग सोपा, कारण तिथली चूक लपत नाही. १९८३ पासूनचे बोटींवरचे जुने मानक, एनएमईए ०१८३, दवंडीसारखे चालते: एक यंत्र ओरडते, बाकीची ऐकतात, उलट विचारायची सोय नाही. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी, स्वल्पविरामांनी तोडलेली ओळ सेकंदाला ४८०० बिट इतक्या संथ वेगाने येते. जहाजांची ओळख आणि स्थान कळवणाऱ्या एआयएसच्या ओळींचा वेग ३८,४००. दोन तारा उलट जोडल्या किंवा वेग चुकला, तर पडद्यावर काहीच येत नाही. एनएमईए २००० मध्ये सगळी यंत्रे एकाच मुख्य केबलवर असतात, वेग २,५०,००० बिट, आणि केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर. जाणता इलेक्ट्रिशियन वीज बंद करून दोन सिग्नल तारांमध्ये मल्टिमीटर लावतो. साठ ओहम आले की ठीक. एकशेवीस आले तर एक टर्मिनेटर गायब, चाळीस आले तर कुणीतरी तिसरा ठोकलेला.

आकड्यांची चूक मात्र अशी मीटरवर सापडत नाही. समजा, खोली मोजणारा ट्रान्सड्युसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली १ मीटरवर बसवला आहे आणि त्याच्याखाली २ मीटर पाणी आहे. खरी खोली ३. जुने यंत्र हा १ मीटर आधीच मिळवून आकडा पाठवत असेल आणि नव्या पडद्याच्या सेटिंगमध्येही तोच पुन्हा भरला असेल, तर तांडेलाला ४ दिसतील. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी एवढा फरक बोट रुतवायला पुरतो. तारखेचे तसेच. जीपीएसचा आठवड्यांचा गणक १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो असा फिरला, तेव्हा अद्ययावत न केलेले काही जुने रिसीव्हर स्थान अचूक सांगत तारीख मात्र १९९९ ची दाखवू लागले. गेटवे ती तारीख निमूटपणे पुढे देतो, कारण ओळ शाबूत आली का हे तपासणारी तिच्या शेवटची चेकसम बरोबरच असते. पडद्यावर नकाशा दाखवणाऱ्या नव्या प्लॉटरने भरती-ओहोटीचे गणित त्याच तारखेवर केले, तर चूक पाण्यापर्यंत पोहोचली. म्हणून तारीख आणि स्थान नव्या जीपीएसकडून, खोली जुन्या ट्रान्सड्युसरकडून, आणि नको त्या ओळी गेटवेतच अडवलेल्या, असा बंदोबस्त हवा. गेटवे दोन्ही दिशांनी मोकळा सोडला, तर जुना प्लॉटर ऐकलेले स्थान स्वतःचे म्हणून परत पाठवू शकतो, आणि एकाच बोटीला दोन जागा मिळतात.

यावर सरळ आक्षेप असा की, जुने फेकून सगळे नवे, एकाच कंपनीचे का घेऊ नये? काही अंशी पटण्याजोगे आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तळातला ट्रान्सड्युसर बदलायला तीच वेळ. पण चांगला चालणारा ट्रान्सड्युसर केवळ जुना म्हणून काढणे हा खर्चच आहे, आणि एकाच कंपनीत अडकलेल्या मालकाला पुढची प्रत्येक दुरुस्ती तिच्याच दाराशी न्यावी लागते. शिवाय नव्या-नव्या यंत्रांतही खोलीत मिळवायचा आकडा दोनदा भरता येतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नेटवर्कच कशाला? इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर १ लाख मासेमारी बोटींवर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झाली. ते मोबाइलला जोडले जातात, दुतर्फा संदेश देतात आणि बोटीच्या जुन्या वायरिंगवर विसंबत नाहीत. ते तसेच वेगळे राहावेत, असेच मीही म्हणेन. पण तळाखाली किती वाव पाणी आहे, हे ते सांगत नाहीत. आणि संकटाची सूचना पाठवणारा व्हीएचएफ रेडिओ संच अनेक बोटींवर आधीपासून आहे. ज्या संचात स्वतःचा जीपीएस नाही, त्याचे लाल बटण दाबल्यावर स्थान बाहेरूनच यावे लागते. नव्या जीपीएसला ०१८३ ची वेगळी तार असेल, तर ती थेट व्हीएचएफला जोडावी. नसेल, तर तारीख चुकली तरी स्थान बरोबर सांगणारा जुना रिसीव्हर त्याच कामाला ठेवावा. गेटवेचा फ्यूज उडाला तरी ही तार चालू राहते.