स्टुडिओ मॉनिटर आणि श्रवण-अंतर

श्रवण-अंतर म्हणजे स्टुडिओतील मॉनिटर ध्वनिक्षेपक आणि ऐकणाऱ्याचे कान यांमधील अंतर होय. मॉनिटर तोच असला तरी हे अंतर बदलताच त्याचा आवाज बदलतो. खर्ज किती ठेवावा, गायनाला कृत्रिम प्रतिनाद किती जोडावा, हे ध्वनिमिश्रक जे ऐकू येते त्यावरूनच ठरवतो. बसण्याची जागा चुकली तर ती चूक मिश्रणात उतरते आणि बहुधा श्रोत्याच्या घरी पोचल्यावरच उघडी पडते.

थेट आणि परावर्तित ध्वनी

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास ध्वनिदाब पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. बंद खोलीत ही घट केवळ थेट ध्वनीला लागू पडते. भिंती, छत व जमीन यांवरून परतलेला ध्वनी खोलीभर साधारण सारखाच पसरलेला असतो. म्हणून मॉनिटरपासून दूर जावे तसा खोलीचा वाटा वाढत जातो. हे दोन्ही वाटे जिथे समान होतात, त्या अंतरास क्रांतिक अंतर म्हणतात. ५६ घनमीटरची खोली व ०.३ सेकंद प्रतिनादकाल धरल्यास, सर्व दिशांना सारखा ध्वनी सोडणाऱ्या स्रोतासाठी ते सुमारे ०.८ मीटर येते. मॉनिटर उच्च वारंवारतांचा ध्वनी मुख्यतः समोर सोडत असल्याने त्या पट्ट्यात ते याहून जास्त असते.

जवळ बसले की खोलीचा प्रश्नच मिटतो, हा समज मात्र बरोबर नाही. लहान खोलीत खर्जाच्या पट्ट्यावर स्थिर तरंगांचे राज्य असते. शिवाय मॉनिटर मागील भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतलेला ध्वनी ८६ हर्ट्झच्या आसपास थेट ध्वनीला छेदतो. जवळ बसल्याने हा खड्डा उथळ होतो, नाहीसा होत नाही. मिश्रणमेजाचा पृष्ठभागही असाच त्रास देतो: परावर्तित मार्ग थेट मार्गापेक्षा ३० सेंटिमीटर लांब असल्यास पहिला खड्डा ५७० हर्ट्झजवळ, म्हणजे ऐन गायनाच्या पट्ट्यात पडतो.

फार जवळ बसण्याचे तोटे

वूफर व ट्वीटर हे दोन वेगळे स्रोत आहेत. त्यांचा ध्वनी एकजीव होण्यास काही अंतर लागते. दोन्हींच्या केंद्रांत २० सेंटिमीटर उभे अंतर असेल व कान ट्वीटरच्या उंचीवर असतील, तर १ मीटरवरून त्यांच्या मार्गांत २ सेंटिमीटरचा फरक पडतो. अर्ध्या मीटरवर तो जवळपास ४ सेंटिमीटर होतो. विभाजन वारंवारता २ किलोहर्ट्झ असल्यास ही पाव तरंगलांबीच्या आसपासची तफावत आहे आणि तेथील समतोल ढळतो. डोके हलवण्याचीही मुभा कमी होते. १ मीटरच्या समभुज त्रिकोणात डोके १० सेंटिमीटर बाजूला सरकले तर दोन्ही मॉनिटरच्या पातळीत सुमारे ०.९ डेसिबेलचा फरक पडतो, ३ मीटरवर जेमतेम ०.३.

निकटक्षेत्र मॉनिटर

भौतिकशास्त्रातील ‘निकटक्षेत्र’ आणि स्टुडिओतील ‘निकटक्षेत्र’ यांचा अर्थ एक नव्हे. स्टुडिओत ही संज्ञा मेजावर वा मेजामागे, साधारण १ ते १.५ मीटरवर ठेवलेल्या लहान मॉनिटरसाठी वापरतात. मोठे मुख्य मॉनिटर सहसा भिंतीत बसवलेले असतात. १९७० च्या दशकात ऑराटोनचे घनाकृती ध्वनिक्षेपक स्टुडिओंत रुळले. १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी आलेला यामाहाचा एनएस-१० हा घरांपेक्षा स्टुडिओंतच नावाजला गेला. त्याचे उत्पादन २००१ मध्ये थांबले.

अंतरांची तुलना करताना प्रत्येक ठिकाणी कानाशी पातळी समान राखणे आवश्यक असते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे आवाज हळू झाला की कानाला खर्ज अधिक क्षीण भासतो. त्यामुळे पातळी न जुळवता मागे सरकल्यास अंतराचा परिणाम कोणता व मंद आवाजाचा कोणता, हे वेगळे करता येत नाही.