डोळ्याच्या कॅन्सरचं जनुक गुडघ्यात काय करतं?

मागच्या भागानंतर एका ताईंचा मेसेज आला. मुलीला दोन वर्षांची असताना रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झाला होता. आता ती तेरा वर्षांची आहे. गुडघा दुखतो म्हटल्यावर डॉक्टरांनी लगेच एक्स-रे काढायला सांगितला. "डोळ्याचा आणि गुडघ्याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि त्याचं नाव आरबी-१. हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं, १९८६ मध्ये सापडलं. नाव डोळ्याच्या आजारावरून पडलं, पण ते असतं प्रत्येक पेशीत. (चुकीचं नाव दिलेलं फंक्शन आयुष्यभर छळतं, हे आम्हा कोडवाल्यांना माहीत आहे.)

त्याचं प्रसिद्ध काम ब्रेकचं. ई-टू-एफ नावाच्या प्रथिनांना ते धरून ठेवतं, त्यामुळे पेशी उगाच विभागत नाही. जनुकाच्या प्रती दोन असतात, दोन्ही बिघडल्या की ब्रेक जातो. आनुवंशिक प्रकारात एक प्रत जन्मापासूनच सगळ्या पेशींत खराब असते. म्हणजे बॅकअप आधीच गेलेला.

मला वाटायचं, संपली गोष्ट. पण हाडाच्या पेशीला नुसतं थांबून चालत नाही, तिला हाड 'बनवायचं' असतं. त्याचा मुख्य स्विच म्हणजे रन्क्स-२. ज्या उंदरांत तो अजिबात नसतो, त्यांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, त्याचं हाड होत नाही. २००१ मध्ये दिसलं की आरबीचं प्रथिन या रन्क्स-२ ला जाऊन चिकटतं आणि ऑस्टिओकॅल्सिनसारखी हाडाची जनुकं चालू करायला त्याला जोर देतं. म्हणजे एकच प्रथिन पेशीला म्हणतं, "वाढणं थांबव," आणि वर, "आता कामाला लाग."

ते गेलं तर पेशी थांबतही नाही आणि धड पिकतही नाही. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाच्या कॅन्सरमध्ये असंच कच्चं, अर्धवट हाड तयार करणाऱ्या पेशी दिसतात.

आणि गुडघाच का? वयात येताना पायाची हाडं सगळ्यात जास्त वाढतात ती गुडघ्याजवळच्या टोकांना. जिथे विभाजन जास्त, तिथे उरलेली प्रत बिघडायची संधी जास्त.

ताई, बहुतेक गुडघे खेळून, पडूनच दुखतात. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत "वाढीचं दुखणं असेल" म्हणून थांबू नका. एक्स-रे काढून घ्या, आणि लहानपणीची फाईल सोबत न्या.