रसायनांच्या गळून पडलेल्या अटी

१९३६ साली मॅकगिल विद्यापीठातील हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, जखम, विष असे निरनिराळे त्रास देऊन पाहिले. त्रास कोणताही असो, शरीरातले बदल जवळपास सारखेच : अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, जठरात व्रण. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीमार्गे या ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल स्रवते, हे पुढे उलगडले. संकटापुरते ते तारक. दीर्घकाळ चढे राहिले, की शरीर झिजू लागते.

अशा ताणाला तोंड द्यायला शरीराला मदत करणाऱ्या द्रव्यांसाठी १९४७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव्ह यांनी ‘अ‍ॅडॅप्टोजेन’ ही संकल्पना मांडली. इस्राइल ब्रेखमन यांनी व्लादिवोस्तोकला जिनसेंग आणि एल्युथेरोकोकस या वनस्पतींवर काम करून तिला अटी घातल्या : द्रव्य निरुपद्रवी हवे, अनेक प्रकारच्या ताणांत तग धरायला मदत करणारे हवे आणि बिघडलेला तोल सावरणारे हवे.

आपल्याकडे हे काम परळच्या केईएम रुग्णालयात रुजले. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल, शतावरी, आवळा, अश्वगंधा, पिंपळी आणि हिरडा ही आयुर्वेदातली सहा रसायने, म्हणजे शरीराला बळ देणारी औषधे, प्राण्यांवरील प्रयोगांत तपासली. त्यावरचा लेख १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथातले वचन आदराने घ्यायचे आणि तरीही प्रयोगशाळेत पडताळायचे, ही त्यांची शिस्त मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोलाची कमाई वाटते.

२०१२ मध्ये ६४ जणांवरील एका भारतीय चाचणीत अश्वगंधेच्या अर्काने ६० दिवसांत कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. चाचणी लहान आणि अल्पकाळची होती; जाहिरातींनी तिचा फक्त आकडा उचलला. कोविडकाळात घरोघरी काढे उकळले. २०२० मध्ये आइसलँड व अमेरिकेतून अश्वगंधेशी जोडलेल्या यकृतविकाराच्या नोंदी आल्या. पुढच्याच वर्षी मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली.

आयुर्वेदाच्या चरकसंहितेत रसायन शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीनंतर, माणसाची प्रकृती आणि बळ पाहून द्यायचे आहे. त्याच्या जोडीला आचाररसायन, म्हणजे संयमाचे जगणेही सांगितले आहे. जुन्या ग्रंथाने अटी घातल्या होत्या, ब्रेखमननेही घातल्या, केईएमने त्या तपासल्या. बाजाराने मात्र अटी गाळून डबी तेवढी विकली. म्हणून कोणती वनस्पती, कोणता भाग, किती मात्रा, किती दिवस आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय मुळी पोटात जाऊ नये. यकृत वा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.