चढण सोपी, उतरण अवघड!

पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत स्थानकावर मागून जादा इंजिने जोडतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातील या लोहमार्गावर काही ठिकाणी दर ३७ मीटर अंतराला १ मीटर चढावे लागते. वजन वर न्यायचे म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य करावे लागते. म्हणून चढण अवघड आणि उतरण सोपी, असे आपण म्हणतो.

खालापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांच्या बाबतीत मात्र हा नियम उलटा झाला होता. वय पासष्टीच्या पुढे. घरून खाली शेताकडे जाताना ते वाटेत दोनदा दगडावर बसत. संध्याकाळी तीच वाट चढून मात्र न थांबता घरी येत. वाकून भाताची आवणी करताना तक्रार नसे. पण खोपोलीच्या बाजारात दहा मिनिटे ताठ उभे राहिले की पाय जड होत, पोटऱ्यांना मुंग्या येत. घरचे म्हणत, "काम जमते, मग चालायचाच आळस कसा?" मीही ऊर्जेचा हिशेब मांडून त्यांना हसलो होतो. चूक माझी होती. मी हिशेब स्नायूंचा मांडला; दुखणे होते कण्यातल्या जागेचे.

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक चकती असते. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस एक कडे असते आणि ही कडी मिळून एक नलिका तयार होते. या नलिकेतून मज्जारज्जू खाली येतो. कमरेच्या वरच्या भागात तो संपतो आणि तेथून पुढे पायांकडे जाणाऱ्या चेतांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा खाली उतरतो. कमरेतील नलिकेची पुढून मागे रुंदी सामान्यतः १५ मि.मी. किंवा त्याहून अधिक असते. वय वाढते तशी चकती झिजून फुगते, सांधे जाड होतात, नलिकेच्या मागच्या भिंतीवरचा पिवळा अस्थिबंध जाडावतो. काही माणसांत रुंदी १० मि.मी. पेक्षाही कमी होते. यालाच 'स्पायनल स्टेनोसिस', म्हणजे कण्याच्या नलिकेचा संकोच, म्हणतात. हेंक व्हर्बीस्ट या डच शल्यविशारदाने १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

पण मग वाकल्यावर बरे का वाटते? एक सोपा प्रयोग करा. मित्राला ताठ उभे करा. कमरेखाली पाठीवर दोन लहान खळ्या दिसतात. त्यांच्या मधोमध पेनाने एक खूण करा व दुसरी तिच्या बरोबर १० सें.मी. वर करा. आता त्याला गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि टेपने अंतर पुन्हा मोजा. ते साधारण ४ ते ५ सें.मी. नी वाढलेले दिसेल. म्हणजे वाकताना मणक्यांच्या पुढच्या कडा जवळ येतात आणि मागच्या कडा लांब जातात.

आता सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्या. दोन्ही टोके ताणली तर ती सपाट व पातळ होते. टोके जवळ आणली तर मध्ये फुगवटा येतो. नलिकेच्या मागच्या भिंतीवरच्या अस्थिबंधाचे असेच होते. ताठ उभे राहिले की त्याचा फुगवटा नलिकेत शिरतो, चेता दाबल्या जातात, त्यांचा रक्तपुरवठा अडतो. वाकले की तो ताणला जातो आणि जागा मोकळी होते.

चढणीचे कोडेही आता सुटेल. चढताना तोल राखण्यासाठी आपण पुढे झुकतो. उतरताना मागे रेलतो. झुकले की नलिका रुंदावते, रेलले की आवळते.

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पाय दुखतात. पण तेव्हा नुसते थांबले तरी आराम पडतो आणि चढण अधिक त्रास देते. नलिकेच्या संकोचात थांबून भागत नाही. बसावे किंवा वाकावे लागते.

व्यायामाने हाडाची नलिका रुंद होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, दुसरेच काही साधते. उताणे निजून गुडघे छातीशी आणणे, कंबर जमिनीला टेकवून धरणे, पोटाचे व नितंबांचे स्नायू बळकट करणे, जागेवरची सायकल चालवणे, दुखू लागण्यापूर्वीच थांबत थांबत चालणे, असे व्यायाम शिकवतात. त्यामुळे कमरेचा बाक आवरता येतो आणि चालण्याची ताकद टिकते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग येथील अभ्यासात शस्त्रक्रियेस तयार असलेल्या १६९ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास भौतिकोपचार सुचवला. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचालीतील सुधारणा सारखीच आढळली. मात्र दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही विसरू नये.

म्हणून हे व्यायाम वाचून घरी सुरू करू नका. चकती सरकली असेल तर पुढे वाकल्याने दुखणे बहुधा वाढते! आधी डॉक्टरांकडून निदान, मग प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाचे मार्गदर्शन. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागी बधिरता आली किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी झाली, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे.

मामांनी काही महिने नेमाने व्यायाम केला. आज ते हातात काठी घेऊन, जरा झुकून शेतावर जातात. वाटेत एकदा बसतात. तुमच्या घरीही कोणी आजी-आजोबा वाटेत वारंवार बसत असतील, तर हसण्याआधी विचारा: नुसते थांबून भागते की बसावेच लागते? त्रास चढताना होतो की उतरताना? उत्तरे वहीत लिहा आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. त्या दोन उत्तरांची डॉक्टरांना फार मदत होईल.