सार्थवाहांच्या वाटेवर चाकांचे घर

वसई तालुक्यात नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस कळंबचा समुद्रकिनारा आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबईकर कुटुंबे येथे येतात आणि सूर्यास्त पाहून परततात. मात्र या किनाऱ्यालगतचे सोपारे, म्हणजेच प्राचीन शूर्पारक, हे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर होते. येथे उतरलेला माल कल्याण, नाणेघाट व जुन्नरमार्गे सातवाहनांच्या प्रतिष्ठानास, म्हणजे आजच्या पैठणास, जात असे. कॅराव्हॅन, अर्थात चाकांवरचे घर, घेऊन सहकुटुंब प्रवास करू इच्छिणाऱ्यांना याहून अर्थपूर्ण मार्ग शोधावा लागणार नाही.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हजारो कुटुंबे छत घातलेल्या गाड्यांतून मिसूरी नदीपासून ओरेगॉनपर्यंत तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून गेली. १९७८ साली तो मार्ग राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून घोषित झाला. आज तेथील कुटुंबे शयनगृह, स्वयंपाकघर व स्नानगृह असलेल्या गाड्या घेऊन पूर्वजांच्या त्या वाटेने जातात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले असून त्यात गाड्यांबरोबरच त्या थांबविण्याच्या जागांचा, म्हणजे कॅराव्हॅन पार्कचाही, विचार केला आहे.

ही कल्पना जैन वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. व्यापाऱ्यांच्या तांड्यास संस्कृतात ‘सार्थ’ व त्याच्या प्रमुखास ‘सार्थवाह’ म्हणत. भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा धन सार्थवाहापासून सुरू होते. वसंतपुरास निघताना त्याने दवंडी पिटविली, की ज्यास यावयाचे असेल त्याने यावे. अन्न, वाहन व संरक्षण यांची व्यवस्था केली जाईल. आचार्य धर्मघोषही या तांड्याबरोबर निघाले. वाटेत पावसाळा आला आणि सारा तांडा अरण्यातच थांबला. आजच्या प्रवाशानेही हा क्रम पाळावा. माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात व दाट धुके असते. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतरचे थंडीचे दिवसच या प्रवासास योग्य होत.

पहिला मुक्काम कळंब परिसरात करून सोपारे पाहावे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे त्यांच्या हाती लागला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी जैन तीर्थांमध्ये सोपाऱ्याची गणना केली, हेही येथे स्मरावे.

सोपाऱ्याहून चिंचोटी, कामण, भिवंडीमार्गे कल्याण आणि पुढे मुरबाडवरून वैशाखरे येते. येथे जुनी वाट व मोटाररस्ता वेगळे होतात. गाडी माळशेजने चढते, तर नाणेघाटाची दगडी पायवाट सरळ सह्याद्रीच्या कड्यास भिडते. जुन्नर गाठून घाटघरपर्यंत गाडी न्यावी आणि घाटाच्या माथ्यावरून थोडे तरी पायी उतरावे. तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात त्यातील संख्याचिन्हांना मानाचे स्थान आहे. जवळच दगडी रांजण असून त्यात जकात टाकली जाई, अशी परंपरा सांगते. खडकात कोरलेली पाण्याची टाकीही येथे आहेत. जुन्नरहून अहिल्यानगरमार्गे पैठणला पोहोचल्यावर मुनिसुव्रतनाथांच्या अतिशय क्षेत्राचे दर्शन घेता येते.

या मार्गावरील कोरीव लेखांत राजांबरोबर व्यापारीही भेटतात. जुन्नरच्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी निवासस्थाने बांधल्याचा उल्लेख आहे. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात भिक्षूंसाठी दिलेल्या तीन हजार कार्षापणांची ठेव वर्णिली आहे. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कायम राखावयाचे आणि व्याज तेवढे खर्चावयाचे. सोय उभी करणे हा दानाचा अर्धा भाग झाला. ती अखंड चालेल अशी तजवीज करणे हा दुसरा अर्धा.

कॅराव्हॅनच्या बाबतीत हाच दुसरा भाग कठीण आहे. गाडीत स्वयंपाकघर असल्याने उकळलेले पाणी, घरचे अन्न आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन हे नियम सहज पाळता येतात. परंतु टाकीतील पाणी संपते आणि सांडपाण्याची टाकी भरते. ती समुद्रकिनारी वा ओढ्याकाठी रिकामी करणे हा तेथील गावकऱ्यांवर अन्याय आहे आणि सूक्ष्म जीवांची हिंसाही. सपाट जागा, स्वच्छ पाणी, वीजजोडणी, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि रात्रीचा राखणदार एवढे मिळाले की मुक्कामाची जागा तयार होते.

अनेक जैन धर्मशाळांच्या आवारात मोकळी जागा असते, आणि हमरस्त्यालगत गोदामे असलेली व्यापारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींनी दोन-चार गाड्यांपुरती अशी व्यवस्था केली, माफक शुल्क ठेवले आणि देखभालीसाठी स्वतंत्र निधी राखला, तर कळंबपासून पैठणपर्यंतची वाट कुटुंबांसाठी पुन्हा खुली होईल. प्रारंभ एका मुक्कामापासून करता येईल. त्यासाठी आधी त्या गावाच्या ग्रामपंचायतीशी वा नगरपरिषदेशी बोलून पाणी व सांडपाणी यांचा प्रश्न मिटवावा. रंगरंगोटी आणि फलक मागाहून करता येतील.